स्टँड लावायचं नाही

आमच्या अंगणात एक निळी सायकल आहे. जाड टायरांची, गिअरवाली, डोंगर चढायची. आदिलाबादेत आमच्या कॉलनीत चढायला एक स्पीडब्रेकर आहे, तेवढाच. मुलानं हैदराबादला नोकरी लागल्यावर हौसेनं घेतली होती. कॅनडाला जाताना इथं आणून भिंतीला टेकवली आणि मला बजावलं, "आई, कोणी काही म्हणो, हिले स्टँड लावायचं नाही. या सायकलीले स्टँड नसते. लावलं का फ्रेमचा पाईप दबते, मंग गेलीच समज. मी आलो का चालवीन."

मी मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं तर मी पोरांना सोडत नसे. मग मी स्वतः कशी विसरणार?

यजमान तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. महसूल खात्यात गिरदावर होते, उमेदीत इंद्रवेल्लीकडची गावं त्यांनी सायकलवर पालथी घातलेली. त्यांची जुनी काळी सायकल भंगारात गेल्यापासून घरात नुसते येरझारा घालायचे. ही निळी दारात आली आणि गडी खुलला. पहिल्या दिवशी तिला पुसतच बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "स्टँड लावून आणतो, मंग बजारात नेतो."

"स्टँड नाही लावायचं. पोरगं नको म्हणून गेलं."

"अवं, बजारात भिंत कुठून आणू? का डोक्यावर घेऊन उभा राहू?"

"तर मंग पायी जा."

आमचा आठवडी बाजार मोकळ्या मैदानात भरतो. एखादं झाड असलं तर त्याखाली मिरच्यावाली बसलेली. तरी हे सायकल घेऊन गेलेच. हँडलला वांग्यामेथीच्या पिशव्या लटकवून परत आले तेव्हा तोंडावरून आनंद नुसता सांडत होता. आणि माझं लक्ष कुठं गेलं, तर चेनकडे. चेनला माती, पॅडलमध्ये मेथीचा पाला. बाजारात त्यांनी ती जमिनीवर आडवी ठेवली होती. दुसरं करणार काय माणूस? पण मी दारातच तोंड सोडलं. "पोराची सायकल मातीत लोळवता? एवढं सांगून गेला तो, अन् तुमाले काही वाटते का?" शेजारीण फाटकाशी उभी होती. तिच्यादेखत.

त्यांनी पिशव्या उतरवल्या, फडकं आणून चेन पुसली, सायकल जिन्याखाली भिंतीला टेकवली. त्यानंतर तिला हात लावला नाही.

मग ती माझ्याच गळ्यात पडली. रोज झाडताना उचला, सरकवा, पुन्हा टेकवा. एकदा सरकून पायावर आली, अंगठ्याचं नख काळं पडलं. चौकातला सायकलवाला तेलुगूत म्हणाला, "टीचरम्मा, मागच्या दांड्याला बसणारं स्टँड मिळतं. काही दबत नाही, दहा मिनिटांचं काम. साहेब दोनदा विचारून गेले." मी त्यालाच झापलं, माझ्या पोरापेक्षा तुला जास्त कळतं का?

खरं सांगते. पोराचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, पाच मिनिटं. त्यानं माझ्यावर सोपवलेली एवढी एकच गोष्ट होती, ती मी धरून बसले होते. दर फोनला सांगायची, तुझी सायकल आहे तशी आहे बरं. तो म्हणायचा, हो हो.

गेल्या वर्षी यजमानांना झटका आला. उजवी बाजू गेली, हात, पाय, अर्धं तोंड. तेव्हापासून दिवसभर व्हरांड्यात खुर्चीवर असतात.

यंदा दसऱ्याला मुलगा आला, चार वर्षांनी. सकाळी कॉलनीत सगळ्यांनी गाड्या धुऊन पूजेला काढल्या होत्या. मीही त्याची सायकल धुतली, झेंडूची माळ घातली. पण उभी कशी करणार? एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं कुंकू लावत होते, तेवढ्यात तो चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"आई, अशी धरून काऊन उभी हायेस? स्टँड काऊन नाही लावलं?"

"तूच तर नको म्हणला होता."

"मी?" तो हसला. "म्हणलो असन बाप्पा. तेव्हा सायकलीचं भूत होतं डोक्यात. दहा मिनिटांचं तर काम हाय, लावून टाकायचं ना. बाबांनी तरी चालवली असती."

इतकं सोपं. वर चहाचा घोट घेतला. ती सायकल त्याच्या अंगावर फेकून द्यावी असं वाटलं मला. चार वर्षं मी जे वाक्य जपलं ते त्याला आठवतही नव्हतं. पण त्यानं नुसतं सांगितलं होतं. चारचौघांत नवऱ्याचं तोंड बंद केलं ते मी. व्हरांड्याकडे पाहिलं. यजमान आमच्याकडेच बघत होते. त्यांचे कान शाबूत आहेत.

आठ दिवसांनी मुलगा परत गेला. दुसऱ्या दिवशी मी सायकल हातानं ढकलत चौकात नेली. दहा मिनिटंही लागली नाहीत. पाईप दबला नाही, काही झालं नाही. सायकलवाल्यानं विचारलं, साहेब कसे आहेत? मी काय सांगणार, डोंबल!

घरी आणून त्यांच्या खुर्चीसमोर अंगणात उभी केली. जराशी कलून, पण आपली आपण उभी राहिली.

"पाहा, लावलं," मी म्हटलं.

त्यांनी पाहिलं. डावा हात उचलला. मला वाटलं, सायकल जवळ आणायला सांगतील. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो.

"खुर्ची... फिरव," ते म्हणाले.

मी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली.