पटकीची अक्षरं

आगरदांड्याच्या धक्क्यावर मी खानावळ काढली, तेव्हा जाहिरातीसाठी छापखान्यातली सगळ्यांत ठळक अक्षरं निवडली. जुन्या वळणाची होती ती. उभ्या दांड्या बोटभर जाड, वेलांट्या नाजूक आणि टोकं बोरूनं कापल्यासारखी. घासाघीस करून मी ती बारीक टाइपाच्या दरात छापून घेतली आणि पहिल्याच सकाळी धक्काभर कागद ठोकले.

होडीतून माणसं उतरली, पण एकही आत शिरेना. नाकाला पदर लावून एक बाई नवऱ्याला म्हणाली, "पटकी हाय हितं! पानी पन पिऊ नको."

चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्या छापखान्यात ही अक्षरं फक्त पटकीच्या सरकारी नोटिसांना वापरत. वाचता न येणारी माणसंही अक्षरांच्या जाडीवरून साथ ओळखत.

भात आणि कोळंबीचं कालवण तसंच पडून होतं. मी तणतणत छापखाना गाठला आणि छापखानेवाल्याला विचारलं, "माहीत होतं, मग सांगितलं का नाहीस?"

"शेट, दर पाडताना तुम्ही मला बोलू कुठं दिलंत?" असं म्हणून वर हसला!

इतकं देखणं अक्षर, आणि या माणसानं त्याला रोगराईशिवाय दुसरं काम दिलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

परत येऊन मी सगळे कागद उलटे ठोकले आणि कोऱ्या पाठीवर कोळशानं 'जेवण तयार' असं वेडंवाकडं लिहिलं. संध्याकाळच्या होडीची माणसं निमूट पंगतीला बसली. कोळंबी मात्र तोवर कावळ्यांनी संपवली होती.