सिक्कीमला जाताना काढलेला विमा

माझे वडील अहमदपूरला एसटीत ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नोकरीत त्यांनी निम्मा महाराष्ट्र पालथा घातला, पण स्वतःच्या हौसेनं कधी कुठं गेले नाहीत. आई गेल्यावर तर घराबाहेर पडणंही कमी झालं. मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. प्रवेश परीक्षा आटोपली की नवीन बॅच सुरू होईपर्यंत तेवढीच काय ती आम्हाला सुट्टी. त्या सुट्टीत आम्ही काही शिक्षकांनी सिक्कीमला जायचं ठरवलं आणि मी अण्णांचंही नाव घातलं. माझ्या नवऱ्याची नोकरी नांदेडला, त्याला रजा मिळाली नाही.

तिकिटांबरोबर मी माझा आणि अण्णांचा प्रवास विमा काढला. अण्णांची शुगर, बीपीच्या गोळ्या, सगळं खरं सांगून टाकलं. माझ्या आरोग्य विम्यात ते नव्हते आणि त्यांच्या नावावर दुसरं काही नव्हतं. मी विमा काढल्याचं त्यांना कळलं तेव्हा ते नाराज झाले.

“आपल्याच देशात फिरायला चाललो की. इमा कशाला? निघायच्या आधीच अभद्र.”

“अण्णा, गाव तर परकंच आहे ना?”

“लातूरच्या भूकंपात कुणाचा इमा होता? कुठून कुठून माणसं आली. मी सोता गाड्या भरभरून जखमी दवाखान्यात नेले.”

ते खरं होतं. मी तेव्हा शाळेत होते. अण्णा दिवसेंदिवस घरी येत नव्हते, आले की अंगणात बाजेवर पडायचे आणि न बोलता झोपायचे. मी म्हणाले, “तेव्हा सगळ्यांवरच वेळ आली होती, म्हणून सगळे धावले. एकट्या माणसाचा पाय मोडला तर ट्रक भरून कोण येतंय?”

 विमा मी तसाच ठेवला.

सिक्कीममध्ये सुरुवातीचे दिवस फार छान गेले. अण्णा गाडीत पुढं ड्रायव्हरशेजारी बसायचे. एकाचं मराठी, एकाचं नेपाळी, आणि मध्ये दोघांचं मोडकं हिंदी. डोंगर बघण्यापेक्षा त्यांना वळणावर गाडी कशी घेतात हे बघण्यात जास्त रस होता.

मग एका सकाळी, आम्ही पुढच्या मुक्कामाला निघायच्या बेतात असताना, हॉटेलच्या बाहेरच्या पायऱ्यांवर ते घसरले. रात्रभर पाऊस झाला होता. मी सामान बांधत होते, आवाज ऐकून धावत गेले तर ते कुशीवर पडलेले. ओरडले नाहीत. “उठवू नको,” एवढंच म्हणाले. गावातल्या छोट्या दवाखान्यात एक्सरे निघाला. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन इथं होणार नाही, खाली सिलिगुडीला न्या, आणि साध्या गाडीतून नेऊ नका.

आमच्या ग्रुपची गाडी खोळंबली होती. एक सहकारी आणि त्याची बायको थांबतो म्हणाले. त्यांच्याबरोबर लहान मुलं होती, पुढची बुकिंगं होती. मी त्यांना जायला सांगितलं. गाडी गेली. वर्गात दीडशे पोरांसमोर बोलणारी मी, त्या दवाखान्याच्या बाकावर कुणाला काय विचारावं हेच सुचेना.

मी विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईनं हिंदीत शांतपणे सगळं विचारून घेतलं, इथल्या डॉक्टरांशी बोलली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही पेशंटजवळ बसा. अँब्युलन्स आम्ही बघतो.” दुपारी अँब्युलन्स आली. बरोबर एक नर्स होती. उताराचा तो रस्ता संपता संपेना. प्रत्येक खड्ड्याला अण्णा दात आवळायचे. मध्येच डोळे न उघडता म्हणाले, “गडी गाडी लई जपून चालवायलाय.”

सिलिगुडीत सगळं सरळ झालं असं नाही. हाड आधीपासूनच ठिसूळ होतं का, हे मधुमेहामुळं झालं का, असे प्रश्न विमा कंपनीनं विचारले. मंजुरी येईपर्यंत एक अख्खा दिवस अण्णा वेदनेत पडून होते आणि मी हॉस्पिटलच्या विम्याच्या खिडकीसमोर उभी. आजार आधीच सांगितले होते म्हणून मी ठामपणे बोलू शकले. शेवटी मंजुरी आली, ऑपरेशन झालं. पेशंटजवळ घरच्या माणसाला बोलावून घ्यायची सोयही त्या पॉलिसीत होती, हे मला हेल्पलाइनच्या त्याच बाईनं सांगितलं. तोवर मी ती नीट वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी माझा नवरा नांदेडहून हैदराबाद गाठून तिथून विमानानं आला. त्याला दारात बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. माझं राहणं-खाणं आणि काही बाकीचा खर्च विम्यात बसला नाही, तो आम्ही केला.

डॉक्टरांनी सोडल्यावर आम्ही विमानानं हैदराबादला उतरलो आणि तिथून गाडीनं बिदर, उदगीर करत अहमदपूरला. उदगीरच्या अलीकडं चहाला थांबलो तर टपरीवाला कानडी वळणाच्या मराठीत बोलला आणि अण्णांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी त्यांना घरच्यांखेरीज कुणीतरी आपल्या भाषेत हाक मारली होती.

नवीन बॅच सुरू झाली, मी कामाला लागले. अण्णा आधी वॉकर घेऊन, मग काठी टेकत चालू लागले. आता संध्याकाळी जुन्या मित्रांबरोबर बसस्टँडवर बसतात आणि त्यांना सिक्कीमच्या घाटांचं वर्णन ऐकवतात. पडल्याची गोष्ट निघाली की डॉक्टरांचं, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं, नर्सचं कौतुक करतात. विम्याचं नाव काढत नाहीत.

एकदा मीच विम्याचा विषय काढला. ते काठीची मूठ चोळत म्हणाले, “तुझी ननंद केरळला चालली म्हणत होतीस ना? तिला बी काढायला सांगून ठेव.”