बुरेटखालची पांढरी फरशी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याचीच नक्कल करत होतो. सोनपेठला एका लग्नात, जेवणं आटोपल्यावर, चार जणांना समोर बसवून, हातातला पाण्याचा ग्लास गरागरा फिरवत. मंडळी हसून लोळत होती. फोन कानाला लावला, तरी ग्लास आपला फिरतच राहिला...

सेलूच्या कॉलेजात बीएस्सीला केमिस्ट्री घेतली तेव्हापासून आम्ही दोघं प्रयोगशाळेत एकाच टेबलावर. तो वालूरहून एसटीनं यायचा, मी गावातल्याच कापडवाल्याचा बडबड्या मुलगा. टायट्रेशन ज्यांच्या वाट्याला आलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर बुरेट म्हणजे तोटीची उभी काचेची नळी, खाली चंबूत ॲसिड आणि रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब. नळीतून थेंब थेंब अल्कली सोडायची आणि चंबूत अगदी फिकट, लाजरा गुलाबी रंग आला की तिथंच थांबायचं. थेंबभर जास्त झालं की पुन्हा पहिल्यापासून. रंग नीट दिसावा म्हणून चंबूखाली चिनी मातीची पांढरी फरशी असते. तोटीवर माझा हात, चंबू मिलिंदच्या हातात. मी सरांची चाल, सरांचा खोकला असा सगळा प्रयोग रंगवायचो आणि तो फरशीवरची नजर न काढता म्हणायचा, "थांब... गंग्या, थांब!" तोवर चंबू लालभडक.

"निवडून आलो का रं आपण? समदा गुलालच केलास की!" तो म्हणायचा.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्हाला वेगवेगळी टेबलं मिळाली. बाहेरून आलेले परीक्षक फेऱ्या मारत होते. माझी नजर चंबूपेक्षा त्यांच्यावरच. तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, "थांब." मी तोटी बंद केली. चंबूत तोच लाजरा गुलाबी! परीक्षक गरकन वळले, "कोण बोललं?" मिलिंद उभा राहिला. "मीच सर. माझं मलाच म्हणलो." खरं तर त्याच्या बुरेटमध्ये अजून अल्कली भरायची होती... निकाल लागल्यावर प्रयोगशाळेत टाकून दिलेली, कोपरा उडालेली एक फरशी त्यानं सरांकडून मागून घेतली आणि माझ्या हातात ठेवली. "तुला लागंल."

तो वालूरला शाळेत शिकवू लागला. मी केमिस्ट्री शिकून कापड विकू लागलो. ही गोष्ट मात्र मी गल्ल्यावर बसून सगळ्या तालुक्याला ऐकवली.

गेल्या महिन्यात तो दुकानात आला. दोन गिऱ्हाइकं होती, आणि साक्षात गोष्टीतला माणूस समोर! मग मला कोण आवरणार? मी सुरू झालो. मध्येच तो म्हणाला, "गंग्या, थांब जरा..." गिऱ्हाइकं खदखदून हसली. त्यांना वाटलं, त्याचं वाक्य त्यानंच म्हटलं. मलाही तसंच वाटलं. तोही हसला, चहा प्याला आणि गेला.

चारच दिवसांनी नांदेडला ऑपरेशन झालं, त्यातून तो उठला नाही. भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमाला संगं चला म्हणायलाच आले हुते ते दुकानात. घरी येऊन म्हणले, गंग्या लय रंगात हुता, कशाला मोडायचं."

"भ्याला होता का?"

"भ्याले न्हवते. पर म्हणत हुते, भूल देईस्तोवर गंग्या काईबाई बोलत बसला असता म्हंजी बरं झालं असतं."

आयुष्यभर मी न मागता बोललो. एकदाच कुणाला माझी बडबड हवी होती, आणि तो ते सांगायला आला तेव्हाही मीच बोलत होतो.

फरशी गल्ल्याशेजारी असते. चहाचा कप तिच्यावर ठेवायची सवय आहे, त्यामुळे मधोमध एक तपकिरी कडं उमटलंय. परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. "शेठ, ती तुमची गुलालाची गोष्ट होऊन जाऊ द्या!" मी घसा खाकरला, हात तोटीवर असल्यासारखा वर नेला... आणि नजर फरशीवर गेली.

"आधी तुम्ही सांगा," मी म्हणालो, "कशाला आलात?"

"कापड घ्यायला," तो गोंधळून म्हणाला.

मी त्याला कापड दाखवलं.