उरलेली अक्षरं

आमच्या मुहू बेटावर विर्वेला नावं ठेवणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांना ती गुणांची पुतळी वाटते. वाचनालय सांभाळते, लग्न केलेलं नाही, हातमोजे सुरेख विणते, आणि काही म्हणजे काही वाया जाऊ देत नाही. वीतभर उरलेला लोकरीचा धागासुद्धा मोज्याच्या अंगठ्यात खपवते.

माझा नवरा काल्यो फिनलंडला घरं बांधायला गेला, त्या वर्षी मला तिची पायरी चढावी लागली. फोनवरून परदेशी मेसेज पाठवणं फार महाग पडायचं. विर्वेने स्वस्तातली वाट शोधली होती. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरून ईमेल करायचा, पत्त्यात फोनचा नंबर घालायचा, की मजकूर तिकडे थेट फोनवर उमटायचा. एका मेसेजात एकशे साठ अक्षरं. उत्तर मात्र तिच्याच ईमेलवर यायचं. ती ते छापून, घडी घालून द्यायची. माझ्या नवऱ्याचा शब्द आधी तिच्या डोळ्यांखालून जायचा, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी सांगायचे, ती टाइप करायची.

"लिही, बटाटे लावून झाले. छप्पर गळतंय. मैमू."

"एवढंच?"

"मग काय कादंबरी लिहू?"

काल्योचं उत्तर यायचं, "मलाही." छप्पर गळतंय, तर मलाही? मला वाटायचं, कामाने माणसाचं डोकं फिरलंय.

एप्रिलमध्ये त्याने विचारलं, आणखी दोन वर्षांचा करार देताहेत, सही करू का? नको, परत ये, असं अगदी ओठांवर आलं. पण विर्वेसमोर जीभ रेटेना. म्हटलं, "लिही, तुला पटेल ते कर. मेंढी व्याली, दोन कोकरं."

जूनमध्ये तो सगळं सामान घेऊन परत आला. शनिवारी सौनातली वाफेची अंघोळ आटोपून पायरीवर बसलो होतो, तेव्हा म्हणाला, "तुझी उशी अजून हलवली नाही, असं लिहिलंस ना, त्यावर आलो. नाहीतर सही करणारच होतो, मैमू."

त्याची उशी मी पहिल्याच आठवड्यात माळ्यावर टाकली होती.

सोमवारी वाचनालय गाठलं. "माझ्या नवऱ्याला काय काय लिहिलंस गं?"

विर्वेने हातातल्या सुया काही थांबवल्या नाहीत. "तुझी अक्षरं उरायची. शंभर-शंभर. कोरी पाठवायला माझा जीव होईना."

"म्हणून माझ्या नवऱ्याशी गुलुगुलु?"

"तुझ्याच नावाने केलं ना."

"आणि उशीचं तुला कुठून सुचलं?"

यावर मात्र ती टाके मोजायला लागली.

मी जळले, अजूनही जळते. तिने माझा माणूस पळवला असता तर गावभर बोंब मारली असती. तिने तर तो घरी आणून दिला. काल्योला खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

ऑगस्टमध्ये अर्धवट राहिलेलं काम संपवायला तो तीन आठवड्यांसाठी पुन्हा गेला. या वेळी आपलं आपण सांगायचं, असं ठरवून निघाले. रस्ताभर घोकलं. विर्वेपुढे उभी राहिले आणि तोंडातून आलं, "कांदे काढले. मैमू."

विर्वेची बोटं थांबली. "बाकीचं?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. "भर तू," म्हणाले.