पानं गाळणारी मिरची

"पाटाकडेची ही सगळी रांग उपटा आणि इथंच जाळून टाका," डॉ. शिराळकर साहेब म्हणाले.

आक्का साळुंखे खुरपं हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. बांधापलीकडे गावातली सात-आठ माणसं बघत होती. मी साहेबांच्या मागे, हातात गळालेल्या पानांची पिशवी.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. शिवार पलूसजवळचं. मी तेव्हा सांगली भागातल्या एका शेती संशोधन केंद्रात वनस्पतिरोग विभागात असिस्टंट होते. नवी होते आणि विभागात एकटीच बाई. साहेब आमचे प्रमुख. कडक, पण मनात धरणारे नव्हेत. ग्लासहाऊसमध्ये शिरण्याआधी साबणानं हात धुतले नाहीत, तर आल्यागेल्या मोठ्या अधिकाऱ्यालाही बाहेर थांबवायचे.

त्या वर्षी पलूस भागात मिरचीवर मोझॅक आला होता. मोझॅक म्हणजे व्हायरसचा रोग. पानावर फिकट आणि गडद हिरवे पट्टे उमटतात, शेंड्याची पानं आकसतात, झाड खुजं राहतं, फळ धरत नाही. व्हायरस इतका बारीक, की साध्या मायक्रोस्कोपमध्येही दिसत नाही. तो जिवंत पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपली पिल्लावळ तयार करून घेतो. त्याला मारणारं औषध नाही. म्हणून एकच सल्ला असायचा, रोगट झाड उपटा आणि जाळा.

आक्कांचे मालक फौजेत होते, पोस्टिंग आसामात. आधीच्या सुट्टीत त्यांनी ट्रंकेतून तिकडची मिरची आणली होती. बारकी, उभी, भलतीच जहाल. आक्कांनी घरच्यापुरती एक रांग पाटाकडेला लावली. बाकी रानात गावचीच मिरची. दिवाळीनंतर रोग दिसायला लागला, तेव्हा सगळ्या गावाचं बोट त्या एका रांगेकडे गेलं. परमुलखातल्या बियानं रोग आणला. आक्कांच्या रानात काम केलेल्या बायका दुसऱ्यांनी आपल्या रानात घेणं बंद केलं. नवरा दूर, सासरा अंथरुणावर, आणि हंगामात कामाला माणूस मिळेना.

साहेबांचंही काही चुकत नव्हतं. रांगेतल्या झाडांच्या खालच्या पानांवर तपकिरी, वाळके ठिपके होते. पानं पिवळी पडून गळत होती. दिसायला सगळ्या रानात तीच झाडं जास्त आजारी. शिवाय बी बाहेरचं. कुठल्याही रोगशास्त्रज्ञानं तेच सांगितलं असतं.

पण पिशवीत पानं गोळा करताना मला एक गोष्ट खटकत होती. ठिपके फक्त खाली होते. वरची पानं स्वच्छ, हिरवीगार, शेंड्याला फुलं. शेजारच्या गावरान मिरचीवर एकही ठिपका नव्हता, पण तिचा शेंडाच आकसलेला होता. मोझॅक झालेलं झाड वरून आजारी दिसतं. हे झाड खालून आजारी आणि वरून ठणठणीत कसं?

मी साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, ही झाडं आजारी नसतील. रोगाशी झगडत असतील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जीपमध्ये बोला."

रस्त्यात मी बोलत सुटले. कॉलेजात शिकलेलं होतं, की काही झाडांना व्हायरस शिरल्याचं लगेच कळतं. मग ती त्याच्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकतात. डोंगराला वणवा लागला, की माणसं पुढचा गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवतात, तसंच हे. मेलेल्या पेशीत व्हायरसचं काही चालत नाही. तो तिथंच अडकतो. बाहेरून आपल्याला दिसतो तो नुसता एक वाळका ठिपका. आक्कांची मिरची तर याच्याही पुढे जात होती. ठिपके पडलेलं पानच ती टाकून देत होती.

"पुस्तकात सगळं असतं, कदम बाई," साहेब म्हणाले. "रानात काय आहे ते दाखवा. तोवर रांग राहू दे. पण बी कुणाला द्यायचं नाही, असं त्यांना बजावा."

आमच्याकडे व्हायरस ओळखायला एक जंगली तंबाखू असायची. तिच्या पानावर धार लावायच्या कुरुंद दगडाची बारीक पूड भुरभुरायची, संशयित झाडाचा रस लावून हलक्या हातानं चोळायचं आणि पाण्यानं धुवायचं. पुडीनं पानाला डोळ्याला न दिसणाऱ्या जखमा होतात आणि व्हायरस असेल तर आत शिरतो. मग चार-पाच दिवसांत पानावर ठिपके उमटतात. ही तंबाखूसुद्धा पेशी मारूनच व्हायरसला अडवते. म्हणून ती आमची परीक्षानळी.

मी आक्कांच्या मिरचीची पानं आणून रस लावला. ठिपकेवाल्या खालच्या पानाचा रस, तंबाखूवर ठिपके. वरच्या स्वच्छ पानाचा रस, काहीच नाही. पुन्हा करून पाहिलं. तेच. म्हणजे व्हायरस झाडात आला होता, पण खालच्या पानाच्या पुढे गेला नव्हता. मी धावतच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी पानं उजेडाकडे धरून बघितली. "चांगलं आहे. पण खालच्या पानात सापडलाच ना? मग रोग या रांगेतूनच पसरला, असं कुणी म्हटलं तर काय सांगाल? याच बियाची रोपं इथं करा. स्वतः रोग द्या. माझ्यासमोर ठिपके पडून पानं गळाली आणि शेंडा स्वच्छ राहिला, तर मानेन."

रोपं तयार व्हायला वेळ लागला. तोवर त्यातल्या एकाही रोपावर रोग दिसला नाही. चोळायच्या वेळेला उन्हाळा सुरू झाला होता. मी पलूसहून आणलेल्या मोझॅकच्या पानांचा रस सगळ्या कुंड्यांना चोळला आणि रोज सकाळी ग्लासहाऊसमध्ये जाऊन वाकून बघायला लागले.

ठिपके आले नाहीत. चार दिवस गेले, आठवडा गेला. मग शेंडे आकसले. पानांवर फिकट-गडद पट्टे उमटले. आक्कांची आसामी मिरची गावरान मिरचीसारखीच मोझॅकनं आजारी पडली.

साहेब रागावले नाहीत, त्यानं मला जास्त वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "साळुंख्यांना तुम्हीच जाऊन सांगा."

मी एस.टी.नं पलूसला गेले. आक्कांनी चहा ठेवला आणि माझ्याकडे बघूनच ओळखलं. मी टेस्ट फसल्याचं सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"बाई, उपटायला माझं काय जात न्हाई," त्या म्हणाल्या. "मिरची म्हंजी काय सोनं न्हवं. पर उपटली की गाव म्हननार, बघा, हिनंच आनला हुता. ते मला आयुष्यभर ऐकावं लागंल. तुमी अजून एकदा बघा. न्हाईच जमलं, तर मी सवता उपटती."

परतताना सगळा रस्ता मी एकच विचार करत होते. मळ्यात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तेच बी, तोच व्हायरस, आणि आमच्याकडे उलटं का?

दुसऱ्या दिवशी कुंड्या फेकायला म्हणून ग्लासहाऊसमध्ये गेले. कोपऱ्यात जंगली तंबाखूच्या कुंड्या होत्या. रसात व्हायरस नीट आहे ना, हे कळावं म्हणून त्याच दिवशी तोच रस तिलाही चोळला होता. मिरचीच्या नादात तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं. मी पान उलटं-सुलटं करून बघितलं. ठिपका नाही. शेंड्यावर मात्र मोझॅक.

ज्या तंबाखूवर थंडीत हमखास ठिपके पडले होते, तीसुद्धा आता व्हायरसला अडवू शकली नव्हती. मग दोष मिरचीचा नव्हताच. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. सकाळीच आत भट्टी तापली होती. पलूसला रोग आला तो थंडीत. इथं मी टेस्ट घेतली ती उन्हाळ्यात.

झाडाची ही युक्ती गारव्यात चालते आणि उकाड्यात चालत नाही. पेशी वेळेवर मरत नाहीत आणि व्हायरस पुढे निसटतो.

मी तंबाखूची कुंडी तशीच उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. माती त्यांच्या कागदांवर सांडली. त्यांनी माती बघितली, पान बघितलं, आणि खुर्चीतून उठले.

"हिच्यावरही नाही?"

"नाही, सर. उष्णता."

ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं. "आता गारवा कुठून आणणार? कुंड्या फ्रीजमध्ये ठेवणार?"

"पाचगणीला नेते, सर."

ते म्हणाले, "नवी रोपं करा. मग अर्ध्या कुंड्या न्या. अर्ध्या माझ्याकडे ठेवा. एकाच दिवशी, एकच रस. तुम्ही तिथं चोळा, मी इथं चोळतो."

कऱ्हाड, सातारा, वाई, पाचगणी. एस.टी.त दोन पाट्या भरून कुंड्या. कंडक्टरनं त्यांचं तिकीट फाडलं नाही, पण प्रत्येक स्टँडवर "मिरची सांभाळून" असं सगळ्यांना सांगत राहिला. पसरणीच्या घाटात वारा गार व्हायला लागला, तशी मी खिडकी पूर्ण उघडली. कुंड्यांनाही लागू दे.

पाचगणीत बशीरभाईंची नर्सरी होती. साहेबांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी घराच्या उत्तरेच्या पडवीत, दाट सावलीत जागा दिली आणि घरातल्या बायकांनी मला ठेवून घेतलं. मिरची आणि जंगली तंबाखू, दोन्हींना रस चोळला. शिवाय एक गोष्ट मी स्वतःच्या मनानं केली. पलूसच्या पानपट्टीवरून खायच्या तंबाखूची पुडी घेतली होती. ती पाण्यात भिजवून ते पाणी जंगली तंबाखूच्याच दोन वेगळ्या झाडांना चोळलं. मिरचीची लावण करणाऱ्या बाया आणि गडी, सगळ्यांच्या गालात तंबाखू असते आणि त्याच हातानं ते रोप धरतात, हे मी मळ्यात बघून आले होते.

मग वाट बघणं. बशीरभाई येता-जाता म्हणायचे, "बाई, झाडाला इतकं बघत राहिलं तर ते लाजतं."

एके दिवशी सकाळी मी तोंड धुऊन पडवीत आले. पहिल्या कुंडीतल्या मिरचीच्या चोळलेल्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके होते. दुसरीवर होते. तिसरीवर होते. तंबाखूवर तर पाऊसच पडल्यासारखे. मी बशीरभाईंना जोरात हाक मारली. ते धावत आले, त्यांना वाटलं मला काही चावलं.

आणखी दोन दिवस थांबले. ठिपकेवाली पानं पिवळी झाली. एका पानाच्या देठाला बोट लावलं, तर ते अलगद सुटून तळहातावर पडलं. वरचा शेंडा स्वच्छ. आणि पुडीचं पाणी चोळलेल्या तंबाखूवरही ठिपके होते. म्हणजे खायच्या तंबाखूत व्हायरस जिवंत होता.

पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. खूप खरखर.

"सर, ठिपके आले. पानं गळाली. शेंडे स्वच्छ."

पलीकडून साहेब म्हणाले, "इथं एकही ठिपका नाही. सगळ्या कुंड्यांना मोझॅक."

"म्हणजे सर..."

"म्हणजे जमलं. परत या."

तोच रस, तेच बी, फरक फक्त गारव्याचा. एकच टेस्ट एका जागी जमली आणि दुसऱ्या जागी फसली, म्हणूनच ती पुरी झाली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "घरी काही शुभवार्ता का?" मी होय म्हटलं.

आठवड्यानं साहेब स्वतः पलूसला आले. आक्कांच्या रानात, बांधावर जमलेल्या माणसांसमोर त्यांनी गळालेलं पान हातात धरून सगळं सांगितलं. ही रांग रोग आणणारी नाही. हिनं रोग अडवला. रोग आला लावणीच्या हातांवरून, तंबाखूतून. मी उपटायला सांगितलं ते चूक होतं.

आक्का पदर सारखा करून म्हणाल्या, "म्हंजी आमच्या ट्रंकेतनं न्हाई आला. समद्यांच्या चंचीतनं आला म्हना की."

लोक हसले. दोन-तीन माणसांनी तंबाखूची चंची कनवटीला नीट खोचली. पुढच्या हंगामात आक्कांना कामाला बाया मिळाल्या, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

ती मिरची तशीच काही बाजारात चालणारी नव्हती. फळ बारीक आणि तिखट असं, की कुणाला दोन घास जाणार नाहीत. तिचा मोठ्या फळाच्या मिरचीशी संकर करायला पुढची अनेक वर्षं गेली. पहिल्या बऱ्याच झाडांनी रोग अडवला, पण फळच दिलं नाही. काहींनी फळ दिलं आणि रोगही घेतला. दोन्ही गुण एका झाडात आले, तोवर साहेब निवृत्त झाले होते. आणि तेही झाड कडक उन्हाळ्यात गारद होतं. म्हणून आम्ही शेतकऱ्यांना सांगायचो, लावण थंडी धरून करा, लावणीआधी हात साबणानं धुवा आणि तंबाखू रानाबाहेर ठेवा. पहिल्या दोन गोष्टी लोकांनी ऐकल्या.

नोकरीत नव्यानं आलेल्या मुलांना मी एवढंच सांगायची. झाड खालपासून शेंड्यापर्यंत बघा, मग रोगाचं नाव घ्या. आणि टेस्ट फसली, तर झाडाला दोष देण्याआधी थर्मामीटर बघा.