शिवपुरीची वाघीण आणि माझी शेवटची थाप

बातमी आली तेव्हा ग्वाल्हेर स्टेशनाजवळ, पडावच्या चहाच्या टपरीवर उभा राहून मी एका वाघाची शेपटी ओढत होतो. म्हणजे तोंडानं. दिनूची मुलगी भोपाळहून यायची होती, गाडी दोन तास लेट होती आणि दिनू कंपू भागातल्या इस्पितळात नळ्यांनी जखडून पडला होता. गप्प उभा राहिलो असतो तर तिथंच बसून भोकाड पसरलं असतं, म्हणून टपरीवाल्याला आणि चार रिक्षावाल्यांना गोष्ट सांगायला घेतली. शेपटी दोन्ही हातांत, वाघ मागं वळतोय, रिक्षावाल्यांचे चहा निवतायत... आणि खिशातला फोन वाजला. सुनंदावहिनी. "भावजी, गेले हो." एवढंच. टपरीवाला विचारत राहिला, "फिर क्या हुआ, बापूसाहब?" मला पुढचं काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा.

दिनू माझा तिसरीपासूनचा मित्र. नोकरी वीज मंडळात, पण जीव वाघात. त्याचे आजोबा दरबारच्या शिकारखान्यात कारकून होते. मारलेल्या वाघांच्या याद्या त्यांच्या सुंदर मोडी अक्षरात व्हायच्या. दिनू म्हणायचा, "आजोबांनी मेलेले लिहिले, मी जिवंत टिपतो." तीस वर्षं त्यानं कान्हा, बांधवगड, पन्ना पालथं घातलं आणि तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून त्याचा डबा संपवला. कामाची वाटणी सरळ होती. फोटो तो काढणार, गोष्टी मी सांगणार. फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही त्याचे फोटो पडद्यावर दाखवायचो. फोटोत वाघ बिचारा पाणी पीत असायचा आणि मी माइकवर सांगायचो, की याच वाघानं आमच्या जीपमध्ये डोकं घालून वहिनींच्या सात पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि आठवी तूप कमी म्हणून परत केली! लोक हसून लोळायचे. मग अंधारातून दिनूचा खोकला ऐकू यायचा. "हे झालेलं नाही. नोंद घ्यावी." हा माणूस फोटोतली गवताची एक काडीसुद्धा पुसायचा नाही.

पुढं साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. एक संपूर्ण गेला, दुसऱ्याला जवळचं धुरकट दिसायचं आणि लांबचं नुसते रंग. डॉक्टर म्हणाले, कॅमेरा ठेवा आता. दिनू म्हणाला, डोळे बापूचे वापरीन. मग आम्ही घड्याळाची पद्धत काढली. जीपचं नाक म्हणजे बारा. मी ओरडायचं, "तीन वाजता, चाळीस पावलं!" की तो लेन्स तिकडं वळवायचा, उरलेलं कॅमेरा बघून घ्यायचा. आणि इथं माझी खोड आडवी आली. दिवसभर जंगलात नुसती धूळ खाल्ली की मला राहवायचं नाही. "नऊ वाजता, झोपलाय!" दिनू खटाखट वीस फोटो काढायचा आणि घरी वहिनी सांगायच्या की ही गाईची पाठ आहे. दोनतीनदा तो हसला. चौथ्यांदा म्हणाला, "बाप्या, आजपासून तुझं ऐकणार नाही. जंगलाचं ऐकीन." आणि खरंच, कान असे तयार केले त्यानं, की चितळ ओरडलं, वानर खाकरलं की गाइडच्या आधी याची मान वळायची. वाघ निघाला की जंगल बोंब मारतं, त्याला हे लोक 'कॉल' म्हणतात. कॉल नाही तर वाघ नाही, हा दिनूचा कायदा.

त्याची एकच इच्छा उरली होती. शिवपुरीचा वाघ. आपल्या घरामागचं जंगल, आजोबांच्या याद्यांमधलं, वर्षानुवर्षं वाघाविना पडलेलं. आता तिथं वाघ परत आणून सोडलेत. "सगळीकडचे झाले, घरचा राहिला," म्हणायचा. या हिवाळ्यात त्याची किडनी बसायला लागली तशी वहिनींनी माझ्यापुढं हात जोडले. "एकदा नेऊन आणा हो भावजी."

नेलं. चार तास फिरलो, मोर सोडून काही नाही. परतताना जंगलातल्या चौकीपाशी गाडी थांबली. ड्रायव्हर आणि गाइड पाणी प्यायला आत गेले. दिनूचे पाय सुजलेले, म्हणून आम्ही दोघं जीपमध्येच. आणि तेव्हा... वाचकहो, मी आजवर वाघाला पोळ्या चारल्या आहेत, त्याच्याशी पत्ते खेळलो आहे, पण हे तसं नाही. तीन वाजता, तीस पावलांवर, करवंदीच्या जाळीतून एक वाघीण बाहेर आली. सपाट खडकावर थांबली. आमच्याकडं बघितलं, कंटाळल्यासारखं. कसाबसा म्हणालो, "दिनू. तीन वाजता. वाघीण."

"कॉल कुठाय?"

"नाहीये कॉल! पण आहे ती! उचल, उचल कॅमेरा!"

"बस कर यार बाप्या. शेवटच्या दिवशी तरी नको."

मी कॅमेरा ओढायला गेलो, तर त्यानं पट्टा मनगटाला गुंडाळलेला. "हात नको लावूस, नौटंकी!" म्हणाला आणि कॅमेरा पोटाशी धरून बसला, पोराला धरावं तसा. वाघीण शेपूट हलवत खडक ओलांडून उतारावर गेली. गाइड आला, त्यानं जमीन बघितली. दगडावर कसला ठसा उमटणार? "चाचा, आप को तो रोज़ दिखता है," म्हणून हसला. दिनूही हसला. मी ग्वाल्हेरपर्यंत तोंड उघडलं नाही, तर त्याला वाटलं मला ओशाळल्यासारखं झालंय.

तीन आठवड्यांनी इस्पितळात त्यानं माझं बोट पकडलं. "एक खरं सांग. ती... होती का?"

आता मी काय सांगायला हवं होतं, तुम्हीच सांगा. हो म्हणावं, तर तीस पावलांवरची वाघीण कॅमेरा मांडीवर असताना घालवली, हे उराशी घेऊन हा मरणार. मी थापाड्या. मला जे येतं ते केलं. "थाप होती रे."

त्यानं डोळे मिटले. "वाटलंच. कॉल नव्हता." मग अगदी हळू म्हणाला, "पण वास आला होता मला. बासमती तांदळाचा. वाघ झाडावर मुताचा फवारा मारतो ना, त्याला येतो तसा. म्हटलं... म्हातारपणाचे भास."

त्याच्या नाकानं वाघीण ओळखली होती. बिनडोळ्यांच्या त्या माणसानं ती पकडली होती, आणि मी त्याच्या हातातून काढून घेतली. तोंड उघडणार तोच नर्स आली, वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं. सकाळी जाऊन सांगतो म्हटलं. सकाळी त्याच्या तोंडात नळी होती. काचेबाहेरून मी हातवारे केले, तीन वाजता, तीस पावलं... वेड्यासारखे. वॉर्डबॉयनं मला खुर्ची आणून दिली.

परवा वहिनींनी घरी बोलावलं. दिनूच्या खोलीत भिंतभर वाघ आहेत, खाली प्रत्येकाच्या जंगलाचं नाव. दाराशेजारी मात्र एक नुसता खिळा. "हा शिवपुरीसाठी ठोकून ठेवला होता त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "रंगवाला येतोय. उपटू का हो भावजी?" खरं बोलायची सवय नाही, आणि माझी शपथ त्या घरात कोण खरी मानणार? चहा न पिता उठून आलो.

वहिनी, तुमचा पुण्याचा भाचा पेपरची ही पुरवणी तुम्हाला मोबाईलवर पाठवतो, मला ठाऊक आहे. तोंडावर सांगवलं नाही म्हणून इथं लिहितोय. फोटो नाही, ठसा नाही, साक्षीदार होता तो गेला. जाताना मीच त्याला खोटं पाडलं. तरी खिळा काढू नका. आली होती ती.