इंग्लंडचं कुंपण आणि माझ्या बांगड्या

नवरा इंग्लंडला गेला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ऑफिसचं काम असतं, दोन आठवड्यांत परत येतात, सगळं माहीत आहे, पण मला तेवढ्यात विमान दिसतं, खाली समुद्र दिसतो, आणि तिथले ते, आमच्या इकडच्या उलट, डाव्या बाजूने गाड्या चालणारे रस्ते दिसतात, आणि मग पोळी हातातच राहते.

आणि सुट्टीच्या दिवशी माणसाने तिथे काय बघावं. माझ्या मैत्रिणींचे नवरे राजवाड्यापुढे उभे राहून फोटो पाठवतात. आमचे हे जुनी इंजिनं बघत फिरतात. कुठली गिरणी, कुठला बंद कारखाना, कुठलं पाणी उपसायचं यंत्र. मला व्हिडिओ येतो, त्यात माणूस नाही, नुसतं एक मोठं लोखंडी चाक फिरतंय आणि मागून ह्यांचा श्वास ऐकू येतोय. मी तो श्वास ऐकते आणि म्हणते, चला, निदान जिवंत आहेत.

तर तो व्हिडिओ आमच्या चार वर्षांच्या पोराने नाश्त्याला बघितला, मग परत बघितला, मग खाली झोपला, पाय आपटायला लागला. "आय वॉन्ट बाबाज् इंजिन."

म्हटलं, "ते इंग्लंडमध्ये आहे रे राजा."

"देन गो टू इंग्लंड."

मी बारावीला इंग्रजीत नापास झालेली बाई, मी फोनवर शोधणार तरी काय, पण शोधलं. तर निघालं काय, की असंच एक इंजिन फार पूर्वी इंग्लंडहून बोटीत घालून इकडे आणलेलं आहे, आमच्या घरापासून तासाभरावर, शहराला पाणी पुरवायच्या जुन्या इमारतीत. आणि शनिवारी ते वाफेवर चालवून दाखवतात. शनिवारच होता. मग गेले. हायवेवर मी एकटीने कधी ड्राइव्ह केलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यात उजव्या, हळू जायच्या लेनमधून, एका ट्रकच्या मागे, देवाचं नाव घेत, मागचे हॉर्न मारतायत ते मारू देत.

बांगड्यांचं आधी सांगायला पाहिजे. हे जायच्या आधी मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं, म्हणून मी आयसेलिनच्या देशी बाजारात जाऊन हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. माझं माप संपलेलं. दुकानातल्या मावशी म्हणाल्या, हात नरम आहे तुझा, एक माप लहान जाईल. साबण लावला आणि अंगठ्याचं हाड असं दाबलं की मला दुकानातली सगळी झुंबरं दोन-दोन दिसली. पण भरल्या. आणि भरल्या त्या भरल्या, आता हातातून निघेनात. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघितल्या, खूश झाल्या. म्हणाल्या, "छान दिसतात. आता तो घरी येईपर्यंत राहू देत हातात." त्या सहजच म्हणाल्या असतील. पण मी असली वाक्यं सहज घेत नाही. मी ती घेऊन झोपते.

तर ते इंजिन. मला वाटलं होतं रेल्वेचं असतं तसलं. हे तर दोन मजली घराएवढं, जागच्या जागी बसलेलं, पितळ असं घासलेलं की त्यात माझा घाबरलेला चेहरा दिसत होता. एक म्हातारे काका तिथे सगळं बघत होते, निळा डगला घातलेले, मूळचे इंग्लंडचेच. त्या मोठ्या चाकाभोवती कमरेएवढं लोखंडी कुंपण होतं, पानाफुलांची नक्षी, नक्षीत भोकं. पोरं पुढे खाली बसून वाट बघत होती. काका पलीकडे हँडलपाशी होते. आणि माझ्या पोराने खिशातून खेळण्यातली गाडी काढली आणि त्या भोकातून आत सोडली, थेट चाकाखाली.

मी फार विचार केला नाही. गाडी चाकात गेली तर इंग्लंडचं इंजिन मोडेल, भरपाई डॉलरमध्ये आपण देणार, नवरा तिकडे, असं सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि मी हात घातला. गाडी मिळाली. पोराला दुसऱ्या भोकातून दिली. आणि हात ओढला तर येईना. बांगड्या आत जाताना शहाण्यासारख्या एका रांगेत गेल्या होत्या, बाहेर येताना सगळ्या आडव्या.

तेवढ्यात वाफेचा फुस्स आवाज आला आणि काकांनी हँडलला हात लावला. माझं जे काय इंग्रजी होतं ते सगळं गेलं. मी मराठीत ओरडले, "थांबवा हो, हात आहे माझा."

काकांना भाषा कळली नाही पण अर्थ कळला. आले. वाकून बघितलं. "यू ऑल राइट, लव्ह?"

मी आणखी घाबरले. परका माणूस, पहिल्याच वाक्यात लव्ह.

त्यांनी बोटाने एक बांगडी वाजवून बघितली, म्हणाले, "वी'ल जस्ट स्नॅप दीज." एवढं मला कळलं. मी दुसरा हात भोकावर ठेवला. "नो. हजबंड."

काकांनी हजबंड कुठे दिसतोय का ते बघितलं.

"हजबंड इंग्लंड," मी म्हटलं.

"ओह, लव्हली, व्हेअर?"

मी म्हटलं, "यू कट फेन्स." आणि कुंपणाकडे बोट केलं. तर त्या माणसाचा चेहरा असा उतरला, मी जणू त्यांच्या नातवाला कापा म्हटलं. ते कुंपण त्याच बोटीतून इंजिनासोबत आलेलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला, नक्षीचं एकेक पान दाखवलं. मला वाटलं, ह्यांना माझा हात कापायला सांगितला तर ते जास्त लवकर तयार होतील. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. ते कुंपण तोडू देईनात, मी बांगड्या फोडू देईना. खाली बसलेल्या एका मुलीने आईला विचारलं, हा शोचाच भाग आहे का.

मी डाव्या हाताने नवऱ्याला फोन लावला. हे तिकडे अर्थातच एका इंजिनापुढे होते.

"अहो, माझा हात अडकला."

"कशात?"

"इंजिनात. म्हणजे त्याच्या कुंपणात."

मग म्हणाले, "कुठलं इंजिन?"

"मला काय माहीत कुठलं. इंग्लंडहून आलेलं. तुमच्या व्हिडिओतल्यासारखं मोठं."

"कॅमेरा फिरव जरा. वर. अजून वर. ते दोन पितळी गोळे फिरतात ना, तिकडे."

मी फिरवला. हात कुंपणात, दुसऱ्या हातात फोन, वर धरलेला, आणि ह्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा. "अगं, हे तर ह्याचंच धाकटं भावंड आहे." काकांनी फोनमध्ये डोकं घातलं. तिकडून ह्यांनी त्यांचं इंजिन दाखवलं, इकडून काकांनी आपलं. दोघं सुरूच झाले. कुठला व्हॉल्व्ह, तो इकडे वेगळा का, तिकडे बदलला का. मी मध्ये फोनच्या खांबासारखी उभी.

"अहो, हात."

"हां. काका म्हणतायत बांगड्या फोडल्या की मोकळी. फोड ना, काचेच्याच आहेत."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"मला काय होणार, मी म्युझियममध्ये उभा आहे."

"विमानात बसायचंय अजून."

"बांगड्यांनी विमान पडत नाही गं."

"पडतं असं मी कुठे म्हटलं. पडू नये असं म्हणतेय."

ह्यांनी सुस्कारा सोडला आणि काकांना इंग्रजीत काहीतरी बरंच सांगितलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मी म्हटलं, "काय सांगितलंत? त्यांना वाटतंय आपल्याकडे कोणी गेलं."

"काही नाही. म्हटलं, तुमचं कुंपण आणि तिच्या बांगड्या, दोन्ही जपायच्या वस्तू आहेत."

हे मात्र काकांना फार पटलं. ते म्हणाले, मग दोन्हीतलं काही तुटणार नाही. आतून इंजिनाचा तेलाचा डबा आणला, बगळ्यासारखी लांब चोच असलेला. तेल काकवीसारखं काळं, वासाला उकळलेल्या टायरसारखं. ते माझ्या मनगटावर ओतलं, आणि आइस्क्रीमची काडी घेऊन एकेक बांगडी सरळ करायला लागले. फोन पोराकडे दिला, बाबांना दाखव म्हणून, तर ह्यांना सगळा वेळ पोराचं नाक दिसत होतं. "नाक काढ, आई दाखव," असं तिकडून चाललेलं.

पहिली आली. दुसरी आली. खाली बसलेली पोरं आता मोजत होती. काका घामाघूम. शेवटची भोकाच्या कडेला आली, अर्धी बाहेर आली, आणि टक्.

एवढासाच आवाज. आणि हात मोकळा.

मी फोनकडे बघितलं. ह्यांचा चेहरा थिजलेला, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. मग तोही गेला. कॉल संपला.

मी परत लावला. तेलकट बोट, फोनला बोट बोट वाटेना. ओढणीला पुसून परत लावला. वाजेचना. परत. मी तिथेच पोरांच्या रांगेत खाली बसले.

"बाबांना काय झालं?" मी त्या चार वर्षांच्या पोराला विचारतेय.

त्याने विचार केला. "मे बी ही डाइड. द फोन."

काकांनी तोपर्यंत इंजिन सुरू केलं होतं. म्हणतात की ते फार सुंदर चालतं, एवढं मोठं असून आवाज नाही, चाक पाण्यासारखं फिरतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काही बघितलं नाही. मी फोन बघत होते आणि मनात म्हणत होते, एकच फुटली आहे, बाकीच्या आहेत, एकीचं कोणी धरत नाही.

मग फोन वाजला. इंग्लंडचा नंबर, अनोळखी. मी काही तो उचलला नाही. अनोळखी नंबर म्हणजे हॉस्पिटल, अनोळखी नंबर म्हणजे पोलीस, मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. पोराने हात पुढे करून हिरवं बटण दाबलं.

"हॅलो, बॅटरी गेली माझी," हे म्हणत होते. "हा तिकिटाच्या बाईंचा फोन आहे. काय गं, त्या व्हॉल्व्हचं काका काय म्हणत होते शेवटी?"

मी रडायलाच लागले.

"हॅलो? बरं, हात निघाला का?"

"एक वाढली," मी म्हटलं.

"आणि बाकीच्या?"

"आहेत."

"मग बहुमत आहे आपल्याकडे. रडू नको. चल, ह्यांना म्युझियम बंद करायचंय, मी बस पकडतो."

"बस कुठे आहे?"

"समोरच. रस्ता ओलांडला की."

रस्ता म्हटल्यावर मला परत त्या उलट्या बाजूच्या गाड्या दिसल्या. "फोन ठेवायचा नाही. व्हिडिओ लावा."

"अगं, फोन त्यांचा आहे."

"मग त्यांना घेऊन जा."

तिकडे काहीतरी कुजबुज झाली. मग एक गोरटेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई दिसल्या, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, मला हात हलवत. "कमिंग, लव्ह," म्हणाल्या. आता मला त्या शब्दाचं काही वाटलं नाही. त्या निघाल्या ह्यांच्यासोबत, फोन पुढे धरून. रस्ता दिसला. रिकामा. लांबवर एक गाडी नाही, एक माणूस नाही, पलीकडे नुसतं गवत.

"आधी उजवीकडे बघा," मी इकडून म्हटलं.

"बघितलं."

"आता डावीकडे. परत उजवीकडे. पळायचं नाही."

हे चालत गेले. बाई मागून गेल्या. मी तशीच खाली बसलेली, मांडीवर पोर, कोपरापर्यंत काळं तेल, आणि काका मागे उभे राहून माझ्या खांद्यावरून त्यांच्या देशातला तो रस्ता बघत होते.

"पोचलो," हे म्हणाले. "आता ह्यांना परत जाऊ देऊ का?"

"थांबा, बसमध्ये बसा आधी."

बस आली, हे बसले, खिडकीतून हात केला. बाईंनी फोन आपल्याकडे वळवला आणि परत निघाल्या, आणि मी त्यांना म्हटलं, जमेल तसं, "मॅडम, लुक राइट फर्स्ट." त्या थांबल्या, रिकाम्या रस्त्यावर नीट उजवीकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघी परत गेटपाशी आलो.